आतड्याच्या दाहाचा आजार आणि घराण्याचा वारसा

आतड्याच्या अस्तराला वारंवार सूज येऊन तेथे व्रण पडणे हे ज्यांचे मुख्य स्वरूप असते, अशा दीर्घकाळ चालणाऱ्या विकारांना इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, संक्षेपाने आयबीडी, असे म्हणतात. त्यांपैकी अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता आणि तेथील अस्तरापुरता मर्यादित राहतो, तर क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही उद्भवून आतड्याच्या भिंतीत खोलवर उतरू शकतो. निदान झाल्यावर अनेक रुग्ण औषधांची चौकशी करण्याआधीच हा आजार मुलांना होईल का, असे विचारतात. आणि रुग्ण लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर ती गोष्ट स्थळ पाहणाऱ्यांपासून लपवावी की सांगावी, या चिंतेने सारे घर खचून जाते.

ही चिंता वस्तुस्थितीपेक्षा फार मोठी आहे. थॅलेसेमियाप्रमाणे एका जनुकातील दोषामुळे ठरावीक प्रमाणात पुढच्या पिढीत उतरणारा हा आजार नव्हे. वारशाने येते ती केवळ आजाराकडे झुकण्याची प्रवृत्ती. २००१ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावरील एनओडी-२ या जनुकाचा क्रोन्सशी असलेला संबंध प्रथम सिद्ध झाला. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचे तुकडे ओळखून संरक्षक यंत्रणेला सावध करणे हे या जनुकाचे काम असून, त्यात बिघाड असला की आतड्यातील नेहमीच्या जिवाणूंशी असलेला शरीराचा समतोल ढळू शकतो. तरीही आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत मिळालेल्या व्यक्तींपैकी बहुसंख्यांना क्रोन्स कधीच होत नाही. पुढे दोनशेहून अधिक जनुकीय स्थाने सापडली, परंतु त्यांतील बहुतेकांचा वाटा अगदी किरकोळ आहे. सर्व जनुके समान असलेल्या एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण ढोबळमानाने ३० ते ५० टक्के, तर कोलायटिसमध्ये १० ते १५ टक्के आढळते. आई किंवा वडील यांपैकी एकालाच आजार असेल, तर शंभरातील नव्वदहून अधिक मुले त्यापासून मुक्त राहतात. दोघांनाही तो असल्यास मात्र धोका बराच वाढतो, आणि अशा जोडप्याने आनुवंशिकी तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

एनओडी-२ मधील जे बदल युरोपीय रुग्णांत वारंवार दिसतात, ते भारतीय रुग्णांत विरळ आहेत. त्यामुळे पाश्चात्त्य माहितीवर बेतलेल्या जनुकीय चाचणीने येथील निरोगी मुलाचे भविष्य वर्तवू पाहणे व्यर्थ आहे आणि त्यावर पैसे खर्च करू नयेत. शिवाय ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या पुढच्या पिढीत कोलायटिसचे प्रमाण वाढलेले दिसले. एवढ्या अल्पावधीत जनुके बदलत नाहीत, बदलतात ते आहार, परिसर आणि आतड्यातील जिवाणू. क्रोन्स असलेल्यांच्या नातलगांनी धूम्रपान कटाक्षाने टाळावे, कारण आपल्या हाती असलेल्या कारणांपैकी ते सर्वांत स्पष्ट आहे.

एक अपवाद मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. सहा वर्षांखालील, विशेषतः दोन वर्षांखालील बालकाला तीव्र जुलाब, रक्तस्राव आणि गुदद्वाराजवळ गळवे किंवा नासूर होत असतील, तर क्वचित एकाच जनुकातील दोष त्यामागे असतो. दाह आवरणाऱ्या इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाच्या ग्राहकातील असा दोष २००९ मध्ये उघड झाला. आईवडील नात्यातील असतील तर असे दोष मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते आणि महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ असल्याने ही माहिती डॉक्टरांना न संकोचता द्यावी. या बालकांत जनुकीय तपासणीने उपचारांची दिशाच बदलते आणि काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरे करता येते.

जनुकीय तपासणीचा आणखी एक खरा उपयोग प्रौढ रुग्णांसाठी आहे, आणि त्याची माहिती दुर्दैवाने फार थोड्यांना असते. ॲझाथायोप्रिन या नेहमी वापरल्या जाणाऱ्या औषधाचे विघटन नीट होण्यासाठी एनयूडीटी-१५ हे जनुक आवश्यक असते. त्यातील एक बदल भारतीयांसह आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो. तो असलेल्यांना नेहमीच्या मात्रेनेही केस झपाट्याने गळणे आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरणे, असे त्रास होऊ शकतात. औषध सुरू करण्यापूर्वी ही चाचणी करावी का, हे रुग्णाने स्वतःहून विचारावे. चाचणी ठीक आली तरी नियमित रक्ततपासणी चुकवू नये.

सख्ख्या नातलगांनी निरोगी असताना तपासण्या करून घेण्याचे कारण नाही. परंतु आठवडेच्या आठवडे जुलाब, शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, वजन घटणे किंवा मुलाची वाढ खुंटणे, यांपैकी काही दिसले तर ते मूळव्याध समजून घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या तपासणीने दाहाचा अंदाज येतो आणि गरज पडल्यास कोलोनोस्कोपी करता येते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही क्रोन्ससारखाच दिसत असल्याने, कुटुंबात क्रोन्स आहे एवढ्यावरून निदान गृहीत धरू नये.

अपत्याचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी वारशापेक्षा आजार शांत असण्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण उसळलेल्या आजारात राहिलेली गर्भधारणा आई आणि बाळ दोघांनाही जड जाते. बहुतेक औषधे गरोदरपणात चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र काही महिने आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावे लागते. सल्फासलाझिनमुळे पुरुषांमधील शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती घटते आणि औषध बदलल्यावर ती काही महिन्यांत पूर्ववत होते, म्हणून मूल राहत नसेल तर पतीच्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवावी.