माळ घालण्यापूर्वी : तंबाखू आणि दारू

‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून झाला आहे. माणसाला त्याच्या जागेवरून दूर फेकते ते व्यसन. संस्कृतात या शब्दाचा अर्थ संकट असाही होतो. मनुस्मृतीत राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. त्यांपैकी कामापासून उपजणारी दहा, आणि त्या दहांतून अतिकष्टाची अशी जी चार निवडली, त्यांत मद्यपान पहिले.

तंबाखूचे नाव तेथे नाही. असणार कसे? ती अमेरिकेतली वनस्पती, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली. पण आमची मंडळी हुशार! ‘महाराज, माळेला दारू वर्ज्य, बिडीला कुठे मनाई आहे?’ असे विचारतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला येणारी दिंडी पाहा. विसावा झाला की टाळ खाली आणि चंची वर.

बिडी साधी, ही समजूत तर आपल्या सिन्नरकडे फारच. तिथला हा धंदा जुना, घरोघर बायामाणसांनी बिड्या वळलेल्या, म्हणून ती घरचीच वाटते. परंतु टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी शिरते. बिडी विझू नये म्हणून ती जोराने व वरचेवर ओढावी लागते. सिगारेटीहून ती सौम्य मुळीच नाही.

तंबाखू सोडायची तर दिवस ठरवून एकदम सोडावी. पहिले तीन दिवस जड जातात, चिडचिड होते, झोप मोडते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ उठते तीही काही मिनिटांचीच. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, चार पावले चालावे, नाम घ्यावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरण्याला अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगितली आहेत. वैराग्य एका कीर्तनात येते हो, अभ्यास रोज करावा लागतो! वर्षभर सुटली की तंबाखूने वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो. मदत हवी तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते.

दारूचे मात्र तसे नाही, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणारा गडी पांडुरंगाची शपथ घेऊन म्हणतो, ‘आजपासून थेंब नाही.’ दिवस उलटत नाही तो हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाकुणाला भलतेच दिसू लागते, घरच्यांची ओळख राहत नाही. मग घरचे अंगारा लावतात, बाहेरची बाधा म्हणतात. ही बाधा नव्हे. दारू मेंदूला दाबून ठेवते, आणि मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू अचानक काढली की तो जोर मोकाट सुटतो. उपचार न झाल्यास यात माणूस दगावतो. दवाखान्यात काही दिवस औषध आणि ब-१ जीवनसत्त्व दिले की बहुतेक जण सुखरूप पार पडतात. किती पितो हे डॉक्टरांना खरे सांगावे, तेथे लाज नको.

औषधाने शरीर सुटते, मनाला सोबत लागते. डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ काढले, तेथे औषधाइतकाच भर सोबत राहण्यावर आणि बोलण्यावर आहे. दिंडीला हे नवे नाही.

फडकऱ्यांना व विणेकऱ्यांना एवढीच विनंती की, दारू सोडतो म्हणून कोणी माळ मागायला आला तर आधी दोन गोष्टी विचाराव्या. रोज किती वर्षे पितोस? सकाळी घोट घेईपर्यंत हात कापतात का? कापतात म्हणाला, तर त्याच दिवशी बरोबर माणूस देऊन त्याला दवाखान्यात न्यावे. आणि पिणे आपल्या मनाने एकदम थांबवू नकोस, असे त्याला बजावावे. माळ पुढच्या एकादशीला घालता येते.