गाठी आणि शिरखुर्मा : एका डब्यानं शिकवलेला पाठ



'आपले सण' हा घटक आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात सण, दुसऱ्यात 'कोणाचा'. दिवाळी हिंदूंची, ईद मुस्लिमांची, नाताळ ख्रिस्ती लोकांचा. जोड्या लावा, दहापैकी दहा गुण. मीही कित्येक वर्षं असंच शिकवलं. त्यात काय चुकतं, ते मला एका डब्यानं दाखवलं.

2025 साली गुढीपाडवा रविवारी, 30 मार्चला होता आणि रमजान ईद लगेच सोमवारी, 31 मार्चला. मंगळवारी सकाळच्या शाळेत तिसरीच्या निम्म्या मुलांच्या खिशात साखरेच्या गाठी होत्या. एक मुलगी मात्र स्टीलचा डबा मांडीवर घेऊन गप्प बसलेली. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली.

"मॅडम, अम्मीनं शिरखुर्मा दिलाय. सगळ्यांसाठी."

"अगं, मग वाट की!"

"विचारलं मॅडम. पण हा म्हणला, तुमच्या घरचं आम्ही खात नाही."

हे बोलणारा मुलगा काही वाईट नव्हता. रोज तिच्याच शेजारी बसणारा, तिचंच खोडरबर वापरणारा. त्याला जवळ घेऊन विचारलं, "असं कोण म्हणालं रे?" तो म्हणाला, "कोणीच नाही मॅडम. ईद त्यांची असती ना."

मला माझा फळ्यावरचा दुसरा रकाना आठवला. 'कोणाचा' हा शब्द त्याला मीच तर शिकवला होता!

मी रागावले नाही. दटावून मैत्री होत नसते. डबा टेबलावर ठेवला आणि वर्गाला विचारलं, "यात काय काय असेल?" मुलीनं यादी सांगितली: दूध, शेवया, खारीक, चारोळी, बदाम, साखर, तूप. मग विचारलं, "यातलं तुमच्या घरी काय असतं?" सगळ्यांचे हात वर. "शेवया!" उन्हाळ्यात कुरडया-पापडांबरोबर घरोघरी शेवया होतातच की. तोच मुलगा म्हणाला, "आमची आजी पण करती. आम्ही खीर खातो."

त्यानं त्या दिवशी शिरखुर्मा खाल्ला नाही, मीही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र धावत आला. "मॅडम, आजी म्हणली, दुधाची खीरच हाये, खायची की!" पण डबा कालच चाटूनपुसून रिकामा झालेला. मग त्यानं तिला बजावलं, "पुढच्या ईदला माझी वाटी राखून ठेव."

यातून मी जो पाठ तयार केला, तो तुम्हालाही करून बघता येईल.

1. डब्यातली भाषा. फारसीत 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. मुलांना विचारा, असे दुसऱ्या भाषांतून आलेले शब्द आपण रोज बोलतो का? बाजार, शहर, दुकान, खुर्ची हे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आले आणि आपलेच झाले.

2. चंद्राचं गणित. ईद दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते? फळ्यावर तारखा लिहा: 22 एप्रिल 2023, 11 एप्रिल 2024, 31 मार्च 2025. मुलांना फरक काढू द्या. दोन्ही वेळा 11 दिवस येतात. चंद्राच्या बारा महिन्यांचे साधारण 354 दिवस, आपल्या कॅलेंडरचे 365. वजाबाकी 11! आपल्या पंचांगाचे महिनेही चंद्राचेच, पण साधारण तीन वर्षांनी अधिक महिना धरून मेळ घातला जातो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, आठवा. पाडवा आणि रमजान ईद, दोन्ही नव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी. म्हणून 2025 ला ते शेजारी आले. चंद्र एकच, मोजदाद वेगळी. हे ऐकून मुलांचे डोळे असे मोठे होतात!

3. आपला जिल्हा. श्रीगोंद्याला शेख महंमद महाराजांची समाधी आहे. जन्मानं मुस्लिम, 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ लिहिणारे वारकरी संतकवी. शिर्डीत साईबाबा मशिदीत राहिले आणि तिला द्वारकामाई म्हणाले. मुलांना 'सहिष्णुता' हा शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा हे पत्ते सांगा. आपल्याच एसटीनं जाता येतील असे आहेत.

4. मागे काय आहे, ते सांगा. रमजानच्या महिन्यात मोठी माणसं पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नाहीत. ईदच्या नमाजाआधी गरिबांसाठी 'फित्रा' देतात, म्हणजे त्यांच्याही घरी सण व्हावा. भूक काय असते ते कळल्यावर वाटून खाणं, हे कुठल्याही मुलाला समजतं.

वाटण्याआधी दोन पथ्यं. आदल्या दिवशी पालकांना कळवा. कुणाला दूध किंवा बदाम चालत नाहीत, कुणाचा चैत्रातल्या नवरात्राचा उपवास असतो. 'नको' म्हणण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे. फक्त 'नको' कसं म्हणायचं, ते शिकवा. "तुमच्या घरचं खात नाही" आणि "आज उपवास आहे गं, छान दिसतंय" यात फार अंतर आहे. मांसाहाराचंही तसंच. कुणाच्या ताटाला नाक मुरडायचं नाही, कुणाला जबरदस्ती करायची नाही.

मोठी माणसं हे करून दाखवतात. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांतल्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं स्वतःहून ठरवलं. मुलांना ही बातमी जरूर सांगा.

पालकहो, एक विनंती. मोबाईलवर आलेले मेसेज आपण मुलांसमोर मोठ्यानं वाचतो, त्यावर बोलतो. मूल अभ्यास करत असलं तरी कान इकडेच असतात. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डब्याजवळ बोललं जातं. त्यापेक्षा ईदला मुलाला घेऊन शेजारी जा. दिवाळीला फराळाचं ताट पाठवा.

मी आता फळ्यावर दुसरा रकाना आखते, पण त्याचं नाव बदललंय. 'कोणाचा' ऐवजी लिहिते, 'या सणाला तू कोणाकडे जातोस?' उत्तरं बघा कशी वेगळी येतात.