फडक्यांची निरगाठ आणि मुलांचं कथालेखन

ना. सी. फडके (१८९४–१९७८) म्हटलं की ‘जादूगार’, ‘दौलत’ अशा प्रेमकादंबऱ्या आठवतात. पण हे गृहस्थ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे! ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) त्यांनी कथानकाचं तंत्रच मांडलं: गुंतागुंत, निरगाठ, मग उकल. त्यावर टीकाही खूप झाली. नुसत्या तंत्रानं गोष्टीत जीव येत नाही, हे मलाही पटतं.

पण चौथीतलं मूल ‘एक राजा होता’ एवढं लिहून पेन्सिल चावत बसतं, तेव्हा हेच तंत्र कामाला येतं. त्याला विचारा, राजाला काय हवंय? आडवं कोण येतंय? आमच्या आनंदनगरात तर राजाही लागत नाही. बाबांची शेवटची लोकल चुकली, घराची किल्ली त्यांच्याच खिशात, आई दाराबाहेर. पुढे काय? इथे आपण गप्प बसायचं. पुढचं पान मुलांनाच भरू द्या.