हवेतील कणांचा माग

बालाघाटाच्या डोंगरकड्यावर वसलेल्या तुळजापुराहून पावसाळ्याच्या आरंभी पश्चिमेकडे दृष्टी टाकली, म्हणजे ढगांचे थवेच्या थवे येताना दिसतात. शेतकरी तिफण सज्ज ठेवतो. पण पुष्कळदा ते ढग माथ्यावरून तसेच निघून जातात. अरबी समुद्रावरून येणारे वारे आपल्या पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीवरच रिता करतात, आणि पलीकडचा धाराशिव, सोलापूर हा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. या कोरडेपणाची परिसीमा २०१६ साली दिसली. मांजरा धरण आटले, आणि शेजारच्या लातूर शहराला त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

ढग आहेत, तरी पाऊस का नाही? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा हवेतील अतिसूक्ष्म कणांपाशी जाऊन पोहोचतो. धूळ, धूर, समुद्राच्या तुषारांतून उडालेले मीठ, असे असंख्य कण हवेत तरंगत असतात. त्यांतील कित्येक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. हवेतील वाफेला थेंब होण्यासाठी असा एखादा कण आधाराला लागतो. कण थोडे असले, तर थेंब मोठे होतात, एकमेकांत मिसळतात व खाली येतात. कण फार झाले, की तेवढेच पाणी पुष्कळांत वाटले जाते. थेंब बारीक राहतात व पावसाला विलंब लागतो. पावसाचा एक टपोरा थेंब होण्यास ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या वाटणीचे महत्त्व कळेल.

पण डोळ्यांना न दिसणारे हे कण मोजावेत कसे? अंधाऱ्या माजघरात कौलांच्या फटीतून कवडसा पडला, की एरवी न दिसणारी धूळ त्यात नाचताना दिसते. प्रत्येक कण आपल्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. शास्त्रज्ञांनी हाच कवडसा उलटा केला. तो जमिनीवरून आकाशात सोडला! या उपकरणाला लायडार म्हणतात. १९६० साली मेमन यांनी पहिला लेसर तयार केला, आणि १९६३ साली फियोको व स्मलिन या अमेरिकेतील संशोधकांनी लेसरचे किरण आकाशात सोडून फार उंचावरील थरांचा शोध घेतला.

लेसरचा क्षणिक झोत वर जातो, कणांवर आदळतो, आणि परतलेला अंश दुर्बिणीने टिपला जातो. प्रकाश एका सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. झोत सोडल्यापासून सेकंदाच्या एक लक्षांश काळात प्रकाश परत आला, तर त्याने ३ किलोमीटर प्रवास केला, म्हणजे जाऊन-येऊन. तेव्हा कण दीड किलोमीटर उंचीवर आहेत. परतलेला प्रकाश किती, यावरून कणांच्या दाटीचा अंदाज येतो. दोन निरनिराळ्या रंगांचे किरण वापरले, तर कण लहान की मोठे हेही उमगते. याहून नवलाची गोष्ट आकाराची आहे. पाण्याच्या गोल थेंबावरून सरळ मागे परतलेल्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा बहुधा तशीच राहते. धुळीचा वेडावाकडा कण मात्र ती बिघडवतो.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत १९८६ पासून लायडारने नियमित निरीक्षणे होऊ लागली. तेथील जुन्या उपकरणात आर्गॉन लेसरचा अखंड किरण सोडीत आणि दुर्बीण त्यापासून काही अंतरावर ठेवीत; दुर्बीण किती कोनात उचलली, यावरून उंची काढीत. झाडाची उंची कोनावरून काढण्याचा जो हिशेब भूमितीत शिकवतात, तोच हा. दिवसाच्या उजेडात क्षीण प्रकाश हरवतो, म्हणून हे काम रात्री चाले. हवेतील कणांचा भार पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत सर्वांत अधिक असतो आणि पावसाळ्यात तो उतरतो, असे त्यांना आढळले. पाऊस हवा धुऊन काढतो, ही म्हण नव्हे, मोजलेली गोष्ट आहे.

याच संस्थेने २००९ साली ढग व कण यांच्या परस्परसंबंधांचा मोठा प्रयोग आरंभिला. त्याचा एक टप्पा २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात पार पडला. या वेळी दुरून प्रकाश टाकण्यावर भागले नाही. उपकरणे घेऊन विमानेच ढगांत शिरली आणि त्यांनी कण व थेंब जागच्या जागी मोजले. निवडलेल्या काही ढगांच्या तळाशी पाणी शोषणारे क्षारकण सोडले, काही ढग मुद्दाम तसेच ठेवले. ही तुलना केली नसती, तर पडलेला पाऊस प्रयोगाचा की निसर्गाचा, हे कोण सांगणार? एकूण २७६ ढगांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. अनुकूल परिस्थितीत पाऊस सरासरीने सुमारे १८ टक्क्यांनी वाढला, असे त्यात म्हटले आहे. मात्र सर्वच ढगांना हा उपाय लागू पडत नाही. आणि आकाश निरभ्र असेल, तर क्षारकणांनी नवा ढग निर्माण होत नाही.