नव्या टाकीत गोल्डफिश जगवायचा कसा?

मित्रांनो, जत्रेत प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून विकायला ठेवलेले नारंगी मासे तुम्ही पाहिले असतील. त्यांना गोल्डफिश म्हणतात. कोणीतरी हौसेने एक घरी आणतो आणि काचेच्या बरणीत सोडतो. चार-पाच दिवस मासा मजेत असतो. मग तो वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि आठव्या-दहाव्या दिवशी पोट वर करून तरंगतो. मोठी माणसे म्हणतात, "नजर लागली," नाहीतर "एवढंच आयुष्य होतं त्याचं." पण हे खरे नाही बरे का! गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधला एक गोल्डफिश ४३ वर्षांचा होऊन १९९९ साली मेला. म्हणजे तो माझ्या बाबांपेक्षाही वयाने मोठा होता.

मग आपल्याकडचे मासे आठ दिवसांत का मरतात? कारण त्यांची टाकी नवी असते.

तुम्ही म्हणाल, नवी टाकी तर स्वच्छ असते! तीच तर गंमत आहे. मासा शी करतो ती आपल्याला दिसते. पण त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचा पदार्थ सारखा पाण्यात जात असतो, तो दिसत नाही. अमोनिया माशाला विष आहे. तळ्यात पाणी खूप असते, शिवाय तिथे हे विष खाणारे जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइट हेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असले तर माशाला त्रास देत नाही, आणि झाडांना तर ते खत म्हणून आवडते. हेच काम आपल्या शेतातल्या मातीतही चालते. युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो आणि मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते आपोआप येतात, पण पुरेसे वाढायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर मासा आपल्याच विषात पोहत असतो. म्हणून शहाणी माणसे आधी टाकी तयार करतात आणि मासा नंतर आणतात. पण मासा आधीच टाकीत असेल तर काय करायचे? त्याला परत पिशवीत भरता येत नाही.

हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जुहूला मामाकडे पाहिले. तिथे एका दुकानदाराने टाकी आणि मासा एकाच दिवशी दिले होते आणि "काही होत नाही, सोडा आत" असे सांगितले होते. माशाचे नाव ताईने गाजर ठेवले. ताई म्हणजे माझी मामेबहीण, ती अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "जिवाणू येईपर्यंत त्यांचं काम आपण बादलीनं करायचं." मला हे वाक्य फार आवडले. सगळी युक्ती त्यातच आहे.

टाकी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद होती आणि पाणी २५ सें.मी. उंच भरले होते. ६० × ३० × २५ = ४५,००० घन सें.मी., म्हणजे ४५ लिटर. त्याचा पाव भाग साधारण ११ लिटर. रोज सकाळी आम्ही एवढे पाणी नळीने काढायचो आणि तेवढेच नवे घालायचो. मामा म्हणाला, समुद्र दारात आहे, तिथलंच आणा की! पण ती थट्टा होती. गोल्डफिश गोड्या पाण्यातला मासा आहे, रोहू-कटल्याचा नातेवाईक. खाऱ्या पाण्यात तो मरेल.

मुंबईच्या नळाला जे पाणी येते, त्यात आपल्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी असते. तानसा धरण तर १८९२ साली पुरे झाले. पण वाटेत, भांडुपसारख्या ठिकाणी, ते शुद्ध करून त्यात क्लोरीन घालतात. त्याने रोगजंतू मरतात, म्हणून आपल्याला ते चांगले. माशाचे कल्ले मात्र त्याने पोळतात आणि आपले कामाचे जिवाणूही मरतात. म्हणून पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवायचे. चोवीस तासांत क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात. ते पुडीवर लिहिल्याप्रमाणे घालायचे. बादलीतले पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट-गार हवे.

मामीने विचारले, "रोज पाणी उपसलं तर तुमचे जिवाणूपण जातील ना गं?" प्रश्न बरोबर होता. पण जिवाणू पाण्यात फार तरंगत नाहीत. ते वाळूला, दगडांना, काचेला आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात. पाणी गेले तरी ते राहतात. मात्र एका रविवारी मामी साबण घेऊन टाकी घासायला निघाली, तेव्हा ताईने तिचा हातच धरला! टाकी साबणाने धुवायची नाही. स्पंज चिकट झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, नळाखाली धरायचा नाही. आणि एअर पंप रात्रीही बंद करायचा नाही. जिवाणूंनाही हवा लागते, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात हवा कमी मावते.

आता खाण्याचे. गोल्डफिशला जठरच नसते. खाल्लेले लवकर बाहेर येते आणि तो पुन्हा काचेशी येऊन मागत राहतो. पाहुणे म्हणतात, बिचारा उपाशी आहे. तो उपाशी नसतो, लबाड असतो! पहिले काही आठवडे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यायचे. पाणी बिघडले तर एक दिवस काहीच द्यायचे नाही. तो मरत नाही. पाव, शेव, भाताची शिते टाकायची नाहीत, ती कुजून अमोनिया वाढतो. सोबत म्हणून दुसरा मासाही या दिवसांत आणू नये.

पाणी वाईट झाले हे डोळ्यांना कळत नाही. पहिल्या आठवड्यात गाजरच्या टाकीत पाणी दुधासारखे पांढुरके झाले तेव्हा सगळे घाबरले, पण ते आपोआप निवळले. आणि काचेसारखे स्वच्छ दिसत होते त्याच दिवशी विष जास्त निघाले. म्हणून पाणी तपासायचे थेंब मिळतात ते आणावे. छोट्या नळीत टाकीतले पाणी घेऊन थेंब टाकले की रंग बदलतो. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा. नायट्राइट नसेल तर निळा, असेल तर जांभळा. ताईने वहीत तारखा घालून लिहून ठेवले आहे. मी उतरवून आणले ते असे : टाकी ३ मे रोजी भरली. चौथ्या दिवशी अमोनिया पाव मिलिग्रॅम, म्हणजे एका लिटरमध्ये. आठव्या दिवशी अर्ध्याच्या वर गेला, त्या दिवशी निम्मे पाणी बदलले. चौदाव्या दिवशी नळी पहिल्यांदा जांभळी झाली. म्हणजे पहिल्या जातीचे जिवाणू आले! बावीसाव्या दिवशी अमोनिया शून्य.

मला वाटले झाले काम. पण ताई म्हणाली, खरी परीक्षा आता आहे. नायट्राइट माशाच्या रक्तात गेले की रक्त तपकिरी पडते आणि कल्ले हलत असूनही माशाला हवा पुरत नाही. गाजर दोन दिवस फिल्टरच्या बुडबुड्यांपाशीच तोंड वर करून उभा होता. नळी गडद जांभळी होती. तेव्हा निम्मे पाणी बदलले आणि दहा लिटरला पाव चमचा या हिशेबाने मीठ विरघळवून घातले. मिठामुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरत नाही. पुढे जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घातले, जास्त नाही. तिसऱ्या दिवशी गाजर खाली येऊन वाळू चिवडू लागला. मामी त्या दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवत होती! छत्तीसाव्या दिवशी, ७ जूनला, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० निघाले. आता आठवड्यातून एकदा पाणी बदलले की पुरते. मामीने मनीप्लांटची फांदी मुळे पाण्यात बुडतील अशी लावली आहे, ती नायट्रेट पिऊन चांगली वाढली आहे.

आपल्या वर्गासाठी टाकी आणायचे बाईंनी ठरवले आहे, म्हणून हे एवढे लिहिले. बरणी किंवा गोल भांडे चालणार नाही, कारण गोल्डफिश वीतभर वाढतो. छत्तीस दिवस थांबायलाही लागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी जुहूला जाणार आहे. ताई तिच्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून देणार आहे, त्यात जिवाणू तयार असतात. तो टाकीच्याच पाण्यात, अर्ध्या भरलेल्या डब्यात घालून आणायचा. आसनगावला उतरेपर्यंत तो सुकता कामा नये आणि उन्हातही ठेवायचा नाही. स्पंज आला की मासा एक-दोन दिवसांत आणावा लागेल, नाहीतर जिवाणूच उपाशी मरतील. रोज तपासणे आणि पाणी बदलणे मात्र पहिले काही आठवडे करायचेच.

पाणी आपल्या विहिरीचे वापरू. पण ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, त्यातही क्लोरीनच असते. ती कोणत्या वारी टाकतात हे ज्याच्या घरी माहीत असेल, त्याने विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

— इयत्ता ४ थी