तळण टाळा, मसाला नको टाळू!

डॉक्टरांनी 'तळलेले बंद' असे सांगितले की पुष्कळ रुग्ण आठ-दहा दिवस निमूटपणे उकडलेले खातात आणि मग कंटाळून पूर्वीच्याच वाटेला लागतात. पथ्य मोडते ते बहुधा बेचव अन्नामुळे. खमंगपणा तेलातून येतो, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. ती किती अपुरी आहे हे मलेशियातील एका पदार्थावरून पाहू.

तेथे 'आयाम गोरेंग बेरेम्पाह' हा पदार्थ घरोघरी आवडीने खाल्ला जातो. आयाम म्हणजे कोंबडी, गोरेंग म्हणजे तळलेली आणि रेम्पाह म्हणजे मसाला. ओला मसाला जाडसर वाटून कोंबडीला चोळतात, मुरवतात आणि भरपूर तेलात तळतात. मसाल्याचा कुरकुरीत चुराही वर पसरतात. सोबत नारळाच्या दुधात शिजवलेला भात असतो. चवीला उत्तम, पण रोजच्या आहारात जड. २०१९ च्या तेथील राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ५०.१ टक्के प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले होते. त्याचा दोष एका पदार्थाला देता येणार नाही. पण तळण कमी करणे हा वजन आटोक्यात ठेवण्याचा एक सोपा उपाय आहे.

मलेशियातील चिनी बौद्ध आणि भारतीय वंशाच्या शाकाहारी मंडळींत सोयाबीन, गव्हातील चिकट प्रथिन किंवा अळंबी वापरून अशी 'कोंबडी' करण्याची पद्धत आहे. मात्र शाकाहारी झाले म्हणजे पथ्याचे झाले, असे नव्हे. सोयाची वडी स्पंजासारखी सच्छिद्र असते. तळताना तिच्यातील पाण्याची वाफ होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरते. एक ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात, हे लक्षात घ्यावे. म्हणून ही वडी तळण्याऐवजी भाजावी.

साहित्य (चौघांसाठी): मोठ्या सोया वड्या १०० ग्रॅम, लहान कांदे ६, लसूण ५ पाकळ्या, आले १ इंच, कोळिंजन १ इंच (न मिळाल्यास थोडे जास्त आले), गवती चहाचे २ दांडे, धनेपूड १ मोठा चमचा, जिरेपूड, बडीशेपपूड, हळद व तिखट प्रत्येकी १ लहान चमचा, कढीपत्ता, तांदळाचे पीठ ३ मोठे चमचे, तेल ४ लहान चमचे, मीठ अर्धा लहान चमचा.

कृती: वड्या गरम पाण्यात १५ मिनिटे भिजवून घट्ट पिळाव्यात. पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून काढून पिळाव्यात, म्हणजे उग्र वास जातो. आपण चहात गवती चहाची पात घालतो. मलय स्वयंपाकात मात्र बुडाकडचा पांढरट, कोवळा भाग वापरतात. तो बारीक चिरून कांदा, लसूण, आले व कोळिंजनाबरोबर जाडसर वाटावा. त्यात पुडी, मीठ, कढीपत्ता व निम्मे तेल घालून वड्यांना चोळावे आणि तासभर मुरू द्यावे. मग तांदळाचे पीठ लावून वड्या ताटलीत सुट्या पसराव्यात, एकावर एक ठेवू नयेत. उरलेले तेल वरून शिंपडून २०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये सुमारे २५ मिनिटे भाजाव्यात. मध्येच एकदा उलटाव्यात. ओव्हन नसल्यास जाड तव्यावर मंद आचेवर प्रथम झाकून आणि नंतर उघड्या भाजाव्यात.

तळलेल्याइतका कुरकुरीतपणा येणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण वास आणि चव मसाल्याची, ती पुरेपूर उतरते. माणशी तेल पडते एकच लहान चमचा, म्हणजे सुमारे ४० उष्मांक. गरम असतानाच खाव्यात. सोबत नारळाच्या दुधाच्या भाताऐवजी साधा भात आणि काकडीच्या चकत्या घ्याव्यात, नाहीतर वाचवलेली चरबी भातातून परत येते!

हे लक्षात ठेवा: कोरड्या सोया वडीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे. बाजारातील तयार शाकाहारी 'मांसा'त मीठ बरेच असू शकते. रक्तदाब असणाऱ्यांनी वेष्टनावरील मजकूर वाचूनच ते घ्यावे. दिवसभराचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. गव्हातील प्रथिन न सोसणाऱ्यांनी गव्हापासून केलेले प्रकार पूर्ण वर्ज्य करावेत.

पथ्य टिकते ते जिभेला पटले तर. कढई खाली ठेवावी, पाटा-वरवंटा मात्र हाताशी असू द्यावा.