नट आणि रेषा : प्रेक्षकांच्या आवडीविषयी थोडेसे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा जपानी चित्रपट दाखविण्यात आला. इसाओ ताकाहाता यांनी तो १९८८ साली दिग्दर्शित केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरावर झालेल्या बॉम्बवर्षावात आई गमावलेल्या सेइता आणि सेत्सुको या भावाबहिणींची ही कथा आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी दाराशी एका मित्राने विचारले, "कसला चित्रपट आहे रे?" मी म्हटले, "अ‍ॅनिमेशन आहे." "म्हणजे कार्टूनच ना? मग धाकट्या भावाला पाठवून देतो!" असे म्हणून तो हसत निघून गेला. त्याच्यामागोमाग आणखी काहीजण गेले. जे थांबले ते मात्र खेळ संपल्यावर बराच वेळ जागचे उठले नाहीत.

या मित्राला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याने जे बोलून दाखविले तेच आपल्याकडील बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनात असते. चित्रपट म्हणजे नटनट्यांचा. रेषांतून हालणारी माणसे म्हणजे मुलांची करमणूक, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली आहे. ही आवड कशी घडली आणि तिच्यापायी आपण काही गमावतो का, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खरेपणाचा दावा

या प्रश्नाला सहज सुचणारे उत्तर असे की, नटांचा चित्रपट 'खरा' वाटतो. कॅमेऱ्यासमोर कोणीतरी खरोखर उभे होते, पाऊस खरोखर पडत होता, याची ग्वाही छायाचित्र देते. चित्र तशी ग्वाही देत नाही. कड्यावरून उडी मारणारा नट पाहताना आपला श्वास रोखला जातो. कार्टूनमधील मांजर कड्यावरून पडले तर आपण हसतो, कारण त्याला काही लागणार नाही हे आपणांस ठाऊक असते. या उत्तरात तथ्य आहे यात शंका नाही.

परंतु आपला प्रेक्षक खरेपणाविषयी इतका काटेकोर आहे काय? दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते ते साळुंके नावाचे पुरुष नट. १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत असे सांगतात. बालगंधर्वांना स्त्रीवेषात पाहून ज्यांनी डोळे पुसले ते आपलेच पणजोबा. आजही गाते एक, ओठ हलविते दुसरी, हे पूर्णपणे माहीत असूनही आपण गाण्यात रंगून जातो. सारांश, जे खोटे आहे ते गोड मानून घेण्याची कला आपल्या प्रेक्षकाला उत्तम अवगत आहे. मग चित्राच्याच बाबतीत तो का अडतो?

याउलट बाजूचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. 'द लायन किंग' हा १९९४ साली हाताने काढलेल्या चित्रांचा चित्रपट होता. २०१९ साली तीच कथा संगणकाच्या साहाय्याने अशी रंगविण्यात आली की सिंहाच्या आयाळीतील केस न् केस खरा दिसावा. त्यात एकही खरे जनावर नव्हते. दिग्दर्शकाच्याच सांगण्याप्रमाणे संपूर्ण चित्रपटात खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य एकच. तरीही लोकांनी त्याला नटांच्या चित्रपटांच्याच रांगेत बसविले आणि त्याने जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. मात्र पाहून आलेल्या अनेकांची तक्रार एकच होती : मुफासा मरतो तेव्हा सिंबाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही! उमटणार कसे? खऱ्या सिंहाचा चेहरा माणसासारखा रडत नाही. जुन्या चित्रातील सिंह खरा दिसत नव्हता, पण जिवंत होता.

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली याच्याशी संबंधित एक विचार मांडला होता. कृत्रिम आकृती माणसाच्या जितकी जवळ जाते तितकी ती आपल्याला आवडू लागते. परंतु अगदी जवळ आली आणि थोडेसेच अंतर राहिले, की एकाएकी तिची शिसारी येते. २००४ च्या 'द पोलर एक्स्प्रेस'मधील माणसांचे डोळे मेल्यासारखे वाटतात, असे समीक्षकांनी म्हटले ते यामुळेच. तात्पर्य, खरे दिसणे आणि जिवंत वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चेहऱ्याची ओढ

मग नटांच्या चित्रपटात असे काय आहे जे चित्रात नाही? माझ्या मते ते म्हणजे ओळखीचा चेहरा. आपण तिकीट काढतो ते केवळ कथेसाठी नव्हे. ज्या नटाला आपण मागच्या चित्रपटात प्रेम करताना, हरताना, मरताना पाहिले, तोच आज पुन्हा भेटणार असतो. त्याचे वाढते वय, त्याचे यशापयश, घरातील बऱ्यावाईट बातम्या, हे सारे आपण सोबत घेऊन चित्रपटगृहात शिरतो. नटाचा चेहरा एका चित्रपटातून दुसऱ्यात जातो आणि जाताना आपली आठवण बरोबर नेतो. चित्रातील पात्र मात्र पहिल्यांदाच भेटते. त्याच्याशी ओळख शून्यापासून करावी लागते.

निर्मात्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच २०१९ च्या 'लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीसाठी शाहरुख खान आणि त्यांचा मुलगा आर्यन यांचे आवाज घेण्यात आले. २००८ साली 'रोडसाइड रोमिओ'साठी सैफ अली खान आणि करीना कपूर यांचे आवाज वापरले गेले होते. पण त्या चित्रपटाला अपेक्षित प्रतिसाद लाभला नाही. नुसता आवाज उसना आणून चेहऱ्याची उणीव भरून निघत नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.

सवय कोणी लावली?

तथापि आवड ही पुष्कळदा सवयीची मुलगी असते. आपल्याकडे चित्रपट आणि हालती चित्रे यांचा जन्म जवळजवळ एकाच घरात झाला. फाळक्यांनीच १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा आगकाड्या नाचविणारा छोटा चित्रपट केला. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. पुढे मात्र या शाखेला पालवी फुटली नाही. याचे कारण कष्ट आणि पैसा यांत आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. दीड तासाच्या चित्रपटाच्या चौकटी होतात १,२९,६००. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी ६४,८०० चित्रे हाताने काढावी लागतात. तेवढा पगार भरण्यापेक्षा एक लोकप्रिय नट घेणे कोणत्याही निर्मात्याला सोपे वाटणार.

साहजिकच ही कला सरकारच्या आश्रयाला गेली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुण चित्रकारांना शिकविले, आणि १९५७ साली जातककथेवर आधारलेला 'द बॅनियन डीअर' तयार झाला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागातून पुढे आले. त्यांच्या कामाचे मोल मोठे आहे. पण मुख्य चित्रपटाआधी दाखविल्या जाणाऱ्या या लहान पटांतून कुटुंबनियोजन, स्वच्छता, बचत असेच विषय बहुधा हाताळले जात. १९७४ साली विजया मुळे यांनी केलेला आणि दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचलेला 'एक अनेक और एकता' हा पट अत्यंत गोड आहे, परंतु तोही धडाच. अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांच्या मनात एक समीकरण बसले : नट आला की गोष्ट, चित्र आले की उपदेश. माझ्या मित्राचे हसू तेथून आलेले आहे.

ही सवय मनुष्यस्वभाव नव्हे, याचा पुरावा जपान देतो. तेथे मोठी माणसेही चित्रकथांची मासिके-साप्ताहिके वाचतात. २००१ चा 'स्पिरिटेड अवे' हा त्या देशात जवळजवळ दोन दशके सर्वाधिक उत्पन्नाचा चित्रपट होता, आणि २०२० साली तो विक्रम मोडला तोही एका अ‍ॅनिमेशनपटानेच. चीनमध्ये २०२५ साली 'नेझा' चित्रपटाच्या दुसऱ्या भागाने दोनशे कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि त्यातील बहुतांश रक्कम मायदेशातीलच होती.

आपल्याकडील अपवाद

आपल्याकडेही प्रेक्षक चित्राकडे गेला नाही असे नाही. व्ही. जी. सामंत यांच्या 'हनुमान'ला २००५ साली चांगले यश मिळाले. अश्विन कुमार यांचा 'महावतार नरसिंह' जुलै २०२५ मध्ये लागला तेव्हा आजी-आजोबांसह कुटुंबेच्या कुटुंबे तो पाहावयास गेली. युगो साको आणि राम मोहन यांनी भारत-जपान सहकार्याने १९९२ साली पूर्ण केलेला 'रामायण' त्या काळी आपल्या चित्रपटगृहांत फारसा पोहोचला नाही; मुलांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि तीच मुले मोठी झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला.

हे सगळे चित्रपट देवादिकांचे आहेत, हा योगायोग नव्हे. राम हा देव आहे, त्याला माणसाने वठविण्यापेक्षा चित्राने साकारणे अधिक योग्य, अशी साको यांची धारणा होती. आपल्याला ती पटण्यासारखीच आहे. देवाचा चेहरा आपण प्रथम पाहिला तो चित्रातच. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे करीत रामायण गातात. रविवर्म्याच्या छापील तसबिरी घरोघरी भिंतीवर लागल्या, आणि फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्याच छापखान्यासाठी काम केले होते. शाडूच्या मातीला दहा दिवस देव मानणारे आपण. 'अ‍ॅनिमेशन' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही प्राण असाच आहे. प्राणप्रतिष्ठा आपल्याला नवी नाही.

पण येथेच थांबणे मला धोक्याचे वाटते. देवांसाठी आणि मुलांसाठी चित्र, बाकी सर्वांसाठी नट, अशी वाटणी कायम राहिली तर सामान्य माणसाचे सुखदुःख रेषांत मांडू पाहणाऱ्या कलावंताने जावे कोठे? गीतांजली राव यांनी मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीची कथा 'बॉम्बे रोझ'मध्ये चौकट न् चौकट रंगवून सांगितली. २०१९ साली तो व्हेनिसला दाखविला गेला आणि २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

उपसंहार

वर म्हटल्याप्रमाणे नटाच्या चेहऱ्याला चित्रपटाबाहेरही आयुष्य असते, आणि त्या आयुष्याच्या ओढीने आपण जातो. हेच त्याचे बळ. परंतु हीच त्याची मर्यादाही आहे. पडद्यावर मेलेला नट पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या चित्रपटात नाचताना दिसतो, आणि मनाच्या एका कोपऱ्यात आपल्याला ते पहिल्यापासून माहीत असते.

त्या दिवशी सभागृहात चार वर्षांची सेत्सुको भुकेने खंगत गेली, गोळ्यांचा रिकामा डबा तिने जवळ धरून ठेवला, तेव्हा हा दिलासा आम्हांला नव्हता. तिची भूमिका करणारी कोणी मुलगी पुढे मोठी होऊन मुलाखती देणार नव्हती. रेषांत जन्मलेल्या त्या पोरीला तेवढेच आयुष्य होते, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत संपले. ज्या चेहऱ्याला दुसरे घर नाही त्याला आपल्याच मनात जागा द्यावी लागते. म्हणूनच कोणी उठले नसावे.

प्रेक्षकांनी नटांवर प्रेम करू नये असे कोण म्हणेल? मी स्वतःही पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाला रांगेत उभा राहणाऱ्यांपैकीच आहे. म्हणणे इतकेच की, "कार्टूनच ना?" असे विचारून दारातून परतण्यापूर्वी एकदा आत येऊन बसावे. यंदा चित्रपट मंडळाने आणखी एक अ‍ॅनिमेशनपट दाखविण्याचे ठरविले आहे. त्या मित्रासाठी मी जागा धरून ठेवणार आहे. धाकट्या भावालाही त्याने खुशाल सोबत आणावे.